रोशनबीचा मेंदीचा हात

कथडा मोहल्ल्यातल्या रोशनबी मनियारणीच्या हातावरची मेंदी उतरलेली कुणी पाहिली नव्हती. ईद असो नसो, घरात लग्न असो की चुलीवर नुसतं पिठलं असो, हिचे हात आपले लालभडक. गल्लीतल्या बायका म्हणत, हिची मेली रोजच ईद, नवरा दारोदार बांगड्यांची वर्दी मागत फिरतो आणि ही नवाबाची बेगम. रोशनबी हसून सोडून देई. नखरेल म्हणवून घेणं तिला परवडत होतं. खरी गोष्ट परवडणारी नव्हती.

खरी गोष्ट एवढीच, की तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, ढब्बू पैशाएवढा पांढरा डाग होता. जन्मापासूनचा. तो कधी वाढला नाही, खाजला नाही, दुखला नाही. लहानपणी बापाने हकिमाला दाखवला, तेव्हा हकीम म्हणाला होता की हे कोड नव्हे, जन्मखूण आहे, पोरीला काही होत नाही आणि पोरीमुळे दुसऱ्या कुणाला काही होत नाही. हकिमाचं काय, तो सांगून मोकळा झाला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पांढरं दिसलं की ते कोडच म्हणणार, आणि कोड म्हटलं की चटई उचलून पलीकडे बसणार. म्हणून आईने पोरीच्या हातांना मेंदी लावली, ती कायमचीच.

बरं, नशिबाने दिली कुठे, तर मनियाराच्या घरी. दुसरा कुठलाही धंदा असता तर हात पदराखाली घेऊन जन्म काढता आला असता. इथे सारा दिवस दुसऱ्या बाईचा हात आपल्या हातात. गिऱ्हाइकाची नजर बांगडीवर, म्हणजे रोशनबीच्या अंगठ्याच्या मुळाशीच.

त्यांच्या धंद्याची रीत अशी होती, की नवरा महेबूब सकाळी पुढे जाई. पेठापेठांतून हिंडून, ओट्याशी उभा राहून, कुणाकडे लग्न आहे, कुणाकडे डोहाळजेवण आहे याची चौकशी करी आणि वर्दी, म्हणजे बांगड्या भरायचं बोलावणं, घेऊन घरी येई. मग दुपारी रोशनबी टोपली घेऊन त्या घरी जाई, कारण माजघरात बसून लेकीसुनांचे हात धरायला बाईच बरी. महेबूब सांगेल त्याच घरी तिने जायचं. काही घरांचं नाव काढलं की तो मान हलवी आणि म्हणे, तिथे नको, त्यांना नको आहेत बांगड्या.

यावरून त्यांचं नेहमी वाजे. सराफांच्या बाजूला निळ्या दाराचं एक मोठं घर होतं, सुना-लेकींनी भरलेलं. तिथली वर्दी महेबूबला कधी मिळाली नाही. रोशनबी त्याला सुनावी की भरल्या घरात बायकांना बांगड्या नकोत हे कुणाला सांगता, तुमच्या तोंडाला जीभ नाही हेच खरं. एकदा तर त्या दारासमोरून जाताना भर रस्त्यात तिने त्याला बोल लावले. तो मुकाट्याने चालत राहिला. गरीब स्वभावाचा नवरा असला की बायकोच्या जिभेला धार येते, त्यातलाच तो प्रकार.

मात्र गुरुवारी संध्याकाळी पाट्यावर मेंदी वाटायचं काम त्याचं. लग्नानंतर नवरीची मेंदी उतरली आणि डाग उघडा पडला, तेव्हा रोशनबी भिंतीकडे तोंड करून बसली होती. महेबूबने हात पाहिला. संध्याकाळी नदीपलीकडच्या साळूबाई माळणीच्या मळ्याला मेंदीचं कुंपण होतं तिथून पाला घेऊन आला आणि वाटायला बसला. तेव्हापासून डागाचं गुपित त्या दोघांचं. पुढे लेक झाली, माजिदा, तीही वाटायला मदत करू लागली. तिला वाटे, सगळ्यांच्याच आया अशा असतात.

मोहरमात मेंदी लावत नाहीत. त्या दिवसांत रोशनबी घराबाहेरच पडत नसे. धंदा बुडाला तरी चालेल, पण दुःखाचे दिवस पाळते, म्हणून गल्लीत तिची कीर्ती झाली होती. ती कीर्तीही तिने हसून घेतली.

तेहतीस-चौतीस सालच्या सुमाराला महेबूबला मुदतीचा ताप आला आणि तो त्यातून उठला नाही. मयत घरात होती. शेजारची मेहरुन्निसाखाला जवळ येऊन बसली, रोशनबीच्या मनगटातल्या बांगड्या तिने एकेक करून उतरवल्या आणि तिचे हात आपल्या हातांत घेऊन म्हणाली, "बेटी, आता या हातांना मेंदी नाही."

ते ऐकलं आणि रोशनबीने हंबरडा फोडला. सगळी गल्ली गोळा झाली. बायका पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, नवऱ्यावर जीव असावा तर असा. पण आपण कशासाठी ओरडलो ते रोशनबीला पक्कं ठाऊक होतं. मेंदी नाही म्हणजे आता डाग दिसणार, हेच तिच्या मनात पहिल्यांदा आलं होतं. नवरा समोर निजलेला होता, आणि हिला आपल्या हाताची पडली होती.

इद्दतीचे, म्हणजे विधवेने घराबाहेर न पडता काढायचे चार महिने दहा दिवस ती बसून राहिली. मेंदी उतरत गेली, डाग रोज जरा जास्त उघडा होत गेला. त्या डागाकडे बघवत नव्हतं, आणि मनातल्या त्या पहिल्या विचाराकडे तर मुळीच नाही. पण पोट काही इद्दत पाळत नाही. बाहेर पडायची वेळ आली तेव्हा तिने उजव्या हाताला चिंधी गुंडाळली आणि काच लागली म्हणून सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा बायका हळहळल्या. मग विचारू लागल्या, कसली गं ही काच, जखम भरतच नाही? त्याहून वाईट म्हणजे चिंधीने हात आंधळा झाला. बांगडी तडकणार असेल तर ती आधी बोटांना कळते. चिंधीतून काही कळेना, आणि रोशनबीच्या हातून बांगड्या वाढू लागल्या. बांगडी फुटली असं आपल्यात कुणी म्हणत नाही, पण न म्हटल्याने ती जोडली जात नाही.

अशात साळूबाईचा निरोप आला. तिच्या धाकट्या लेकीचं, भागीचं लग्न निघालं होतं, चुडा रोशनबीनेच भरायचा होता. विधवेकडून चुडा कसा, असं कुणी कुजबुजलं असेल, तर साळूबाईने ते ऐकून घेतलं नव्हतं. मनियाराच्या हाताला कसलं सोयरसुतक, असं तिचं म्हणणं.

ओटीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. रोशनबीने भागीचा डावा हात भरला, हिरवा चुडा झकास बसला. उजवा हात घेतला. पोरीचा अंगठा आत दुमडला, बांगडी सांध्यावर आणली, जरा दाबली, आणि कट्‌कन आवाज झाला. काच भागीच्या मनगटात घुसली. रक्त आलं. लग्नाच्या चुड्यात बांगडी वाढावी, यापेक्षा मोठा अपशकुन नाही. एक म्हातारी तोंडातल्या तोंडात पुटपुटली. रोशनबीचं भान हरपलं. रक्त थांबवायला जवळ दुसरं काही नव्हतं, तिने हातावरची चिंधी ओढली आणि पोरीच्या मनगटावर घट्ट बांधली.

गाठ मारून झाली आणि मग तिच्या ध्यानात आलं. हात उघडा होता. ऐन दुपारच्या उजेडात, सगळ्यांच्या समोर. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. ती टोपली आवरायला लागली.

साळूबाईने तिचं मनगट धरलं. "मला वाटलं खरंच काच लागली. ही चिंधी या डागापायी बांधलीस व्हय?"

रोशनबीने मान खाली घातली.

"आगं, हा डाग आमाला काय नवा हाय? तुझं लगीन झालं अन् तुझा मालक पाला मागाया आला, तवाच समदं सांगून गेला. म्हणला, जन्मखूण हाय, हकिमाला इचारलंय, पर ती लय लाजती. चालत आसंल तर बोलवा, पर तिच्याम्होरं इषय काढू नका."

"तुम्हालाच सांगितलं होतं?" रोशनबीने कसंबसं विचारलं.

"मला एकटीला कशापायी सांगंल? तू जिथं जिथं हात धरलास, तिथं त्यो आधी सांगून आल्याला हाय. म्हणायचा, लोकांच्या लेकीबाळींचे हात चोरून धरायचे नाय."

बाकीच्या बायकांनी होय म्हणून माना हलवल्या. त्या म्हातारीनेसुद्धा हलवली. रोशनबीने उघड्या हाताने राहिलेला चुडा भरला. एकही बांगडी तडकली नाही. रिवाजाप्रमाणे भागी तिच्या पाया पडली. रोशनबीने तो उघडा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला.

घरी जाताना पूल ओलांडून ती सराफांच्या बाजूने निघाली, आणि निळ्या दारासमोर पाय थांबले. इथे बांगड्या नकोत असं नव्हतं, हा हात नको होता. इथे महेबूब ओट्याशी उभा राहिला असेल, बायकोच्या हाताचं खरंखुरं सांगितलं असेल, आणि आतून काय काय ऐकून घेतलं असेल. घरी येऊन फक्त म्हणाला, तिथे नको. तिने त्याला भर रस्त्यात बिनजिभेचा म्हटलं, तेव्हाही तो काही बोलला नाही. तिला वाटतंय ना कुणाला माहीत नाही, तर तसंच वाटू दे, म्हणून दर गुरुवारी मेंदी वाटत बसला. सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक असलेला डाग झाकायला.

रोशनबी समोरच्या पायरीवर बसली आणि रडली. दारातून एक सून डोकावली, टोपलीच्या काठावरचा हात तिने पाहिला आणि दार लोटून घेतलं. हात झाकायचं रोशनबीच्या मनातच आलं नाही. त्या हाताची तिला आता लाज वाटत नव्हती. लाज वाटत होती ती मयतीच्या दिवशी फोडलेल्या हंबरड्याची, ज्याचं गल्लीतल्या बायका अजूनही कौतुक करत होत्या.