मालाडची होम मॅच दुबईत

"मॅडम, तुमचा पासपोर्ट व्हॅलिड आहे ना?"

आमच्या स्पॉन्सर कंपनीचा करण नमस्कारही न करता असं विचारतो, तेव्हा पवईच्या त्याच्या ऑफिसात काहीतरी शिजलेलं असतं.

"आहे. का?"

"मालाड-मुलुंड मॅच आपण दुबईत खेळतोय. चेअरमन सर हो म्हणाले. झकास ना?"

मी फोन ठेवला आणि समोरच्या स्क्रीनवरची ती ओळ पुन्हा वाचली. मालाड विरुद्ध मुलुंड, रविवार, दुपारी चार, मालाडचं मैदान. ही ओळ मीच टाईप केली होती. उपनगरांतल्या दहा क्लबांच्या फुटबॉल लीगची मी कॉम्पिटिशन मॅनेजर. कोणी, कधी, कुठे खेळायचं ते मी ठरवते आणि मग सगळ्यांच्या शिव्या खाते. अंधेरीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. त्यातल्या एका खोलीत चेअरमन नाबर बसतात. दुसऱ्या खोलीत मी, जाळीत भरलेले फुटबॉल आणि कॉर्नरचे झेंडे.

मी नाबरांच्या खोलीत गेले. ते गुणगुणत होते.

"सर, मला विचारलं असतं तर बरं झालं असतं."

"अगं, सरप्राईज होतं! दोन्ही क्लब तयार आहेत. आपल्या नियमात बसतंय."

नियमात खरंच बसत होतं. दोन्ही क्लब राजी असतील तर मॅच दुसऱ्या मैदानावर घेता येते, असा आमचा नियम आहे. तो केला होता मैदानात पाणी साचतं म्हणून. मालाडची मॅच गोरेगावला हलवावी लागली तर सोय असावी, एवढाच हेतू. गोरेगावच्या पुढे समुद्र ओलांडून कोणी जाईल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दोन्ही क्लब का तयार होते, हेही उघड होतं. मुलुंडच्या पोरांना दुबई बघायची होती. मालाडचं कारण जास्त वजनाचं होतं. हा क्लब तिथल्या एका जुन्या गावठाणाचा. मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं. कोणाची अजून थोडी वाडी आहे, कोणाची होडी, बाकीचे नोकरीवर. आणि प्रत्येक दोन घरांमागे एकजण आखातात. क्लबचे सेक्रेटरी डॉमनिक मला म्हणाले, "माझा पोरगा शारजात आहे. टीमच्या जर्सी तो नि त्याचे मित्र पाठवतात. पण त्यानं स्वतः मॅच बघून किती वर्षं झाली, सांग? सुट्टी मिळते तेव्हा आपला सीझन संपलेला असतो. एकदा तरी टीमच त्याच्याकडे जाऊ दे ना."

हे मला पटलं. करणचं म्हणणं वेगळं होतं, की परदेशातल्या मोठमोठ्या लीगसुद्धा असा विचार करतायत, मग आपण का मागे राहायचं. त्याला मात्र माझ्याकडे बरीच उत्तरं होती. पण तो ऐकायच्या मूडमध्ये नव्हता. त्याने पोस्टरसुद्धा बनवलं होतं, त्यात उंट होता.

दोन दिवसांनी दिंडोशीचे कोच परब ऑफिसात आले. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः एका सोसायटीत मॅनेजर. ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"मॅडम, ह्या काय चाललाहा?"

"कशाबद्दल?"

"माहीत असून विचारू नका. मुलुंड दुबईला खेळणार, आणि खाली आम्ही जाणार. चालेल तुम्हांला?"

इथे थोडं समजावून सांगते. आमच्या लीगमध्ये प्रत्येक क्लब दुसऱ्या प्रत्येक क्लबाशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या मैदानावर, म्हणजे होम. एकदा त्यांच्या, म्हणजे अवे. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. सीझनच्या शेवटी तळाला असलेला क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जातो. त्याला रेलिगेशन म्हणतात. तेव्हा मुलुंड तळाला होतं आणि दिंडोशी त्यांच्या वर फक्त एका गुणाने. मुलुंडची शेवटची मॅच हीच, मालाडविरुद्धची. दिंडोशीची त्यानंतरच्या रविवारी, घाटकोपरशी.

खाली जाणं म्हणजे नुसती नामुष्की नाही. दिंडोशीत मैदान एकच आणि संध्याकाळची वेळ तिथे वरच्या डिव्हिजनच्या क्लबाला मिळते. परबांच्या त्या वेळेत लीगमधली टीम खेळते, शिवाय वस्तीतल्या मुलींची टीमही. खाली गेले तर संध्याकाळ गेली.

"मालाडला त्यांच्या मैदानावर यंदा कोणी हरवलंय?" परबांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"का नाही?"

का नाही, हे आमच्या लीगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मालाडचं मैदान चर्चच्या मागे, मातीचं, एका बाजूला उतार. पण खरी गोष्ट ती नाही. मालाडची पद्धत आहे, पाहुणी टीम मॅचच्या आधी त्यांच्याकडे जेवते. गावठाणातल्या बायका सकाळपासून रांधतात. फुगे असतात, म्हणजे त्यांचे तळलेले गोल, मऊ पाव. सोबत डुकराच्या मटणाचं विंदालू, कोंबडी, वर गोड काहीतरी. नको म्हटलं तर अपमान. प्रत्येक कोच बसमध्ये पोरांना दम देतो, एका फुग्यावर थांबायचं. कोणी थांबत नाही. सेकंड हाफमध्ये पाहुणे चालत असतात आणि मालाडची पोरं पळत असतात. होम अॅडव्हांटेज म्हणतात तो हाच. पुस्तकात प्रेक्षकांचा आरडाओरडा वगैरे लिहिलेलं असतं.

"आम्ही तिथे जेवून हरलो," परब म्हणाले. "त्यांनीपण जेवूनच हरायला पायजे! विमानातलं सँडविच खाऊन हिरवळीवर खेळले तर मुलुंड जिंकणारच. मग आमची कसली लीग?"

हसू आलं, पण माणूस बरोबर बोलत होता. आम्ही सगळ्यांनी तिकीट, व्हिसा, जर्सी यांचा विचार केला होता. परवानगी विचारली होती ती जे जाणार त्या दोघांना. मॅच हलल्याने ज्याचं नुकसान होणार होतं, तो इथेच राहणार होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मी नाबरांना सांगितलं, दहाही क्लबांची मीटिंग बोलवा. ते कुरकुरले. "नीता, तू फार किचकट करतेस गं." पण बोलावली.

मीटिंगमध्ये करणने उंटाचं पोस्टर दाखवलं. टाळ्या पडल्या. मग परब उठले आणि चिडून असे भरभर बोलले, की कोणाला अर्धंही कळलं नाही. मुलुंडचे कोच शाह शांतपणे म्हणाले, "परबभाई, तुम्हाला दुबई नाही मिळाली म्हणून जळताय."

"मी जळतोय? अरे, तू मालाडला ये ना खेळायला! घाबरतोस कशाला?"

आवाज वाढायला लागले तशी मी उभी राहिले. भाषण मला जमत नाही. मी एवढंच म्हटलं, "यंदा मालाडच्या मैदानावर जे खेळून आलेत त्यांनी हात वर करा."

आठ हात वर गेले.

"जे जिंकले त्यांचे हात वर राहू द्या."

सगळे हात खाली आले. बोरिवलीचा कोच आपला हात खिशात घालून छताकडे बघायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "पण जेवण एक नंबर होतं यार."

"आता नववा क्लब तिथे न जाता तीच मॅच दुसरीकडे खेळणार आहे. ज्यांना हे चालतंय त्यांनी हात वर करा."

मुलुंडचा एक हात. डॉमनिकनी अर्धा वर केला आणि इकडेतिकडे बघून चष्मा नीट केला.

करणचं तोंड पडलं. मी म्हटलं, "दुबईला जाऊ या ना. सीझन संपल्यावर मालाड आणि चॅम्पियन टीम जातील. फक्त टेबलातले गुण नकोत."

"मॅडम, गुण नसतील तर बघायला कोण येणार?"

डॉमनिक खाकरले. "माझा पोरगा येणार. त्याला तुमचं टेबल कशाला रे पायजे? त्याला गावातली पोरं खेळताना बघायची आहेत. तिथले आमचे सगळे येतील."

करणने विचार केला. "उंट ठेवला तर चालेल?"

"ठेव," मी म्हटलं.

मॅच मालाडलाच झाली. परब आपल्या अर्ध्या टीमला घेऊन बघायला आले होते. आता मुलुंड जेवणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण एक गोष्ट त्यांनी धरलीच नव्हती. मुलुंडची जवळपास सगळी टीम शाकाहारी होती. मालाडच्या बायकांनी त्यांच्यासाठी वेगळं केलं होतं, बटाट्याची भाजी नि वरणभात, पण असं रांधायची सवय नसल्याने अंदाजाने, थोडंच. विंदालू होतं तसंच परत गेलं. मुलुंडची पोरं शेवटच्या मिनिटापर्यंत पळत होती. एक गोल केला, तोही उताराच्या बाजूने वर चढून. मालाड यंदा पहिल्यांदाच घरी हरलं.

परब माझ्या शेजारी उभे होते. शिट्टी वाजली तशी त्यांनी मैदानाकडे पाठ केली. मग म्हणाले, "वाट लागली."

मुलुंड आता दिंडोशीच्या दोन गुणांनी पुढे होतं. पुढच्या रविवारी दिंडोशीला जिंकायलाच हवं होतं. घाटकोपरशी बरोबरी झाली, एक गुण मिळाला. एकाच गुणाने ते खाली गेले.

दुबईची मॅच छान झाली. आमच्या इथल्या कोणत्याही मॅचपेक्षा जास्त गर्दी होती आणि सगळे एकमेकांना नावाने हाका मारत होते. निकाल कोणाच्याच लक्षात नाही. करण पुढच्या वर्षीचं पोस्टर आताच करतोय.

परत आल्यावर परब ऑफिसात आले. त्यांना मैदानाची सकाळी सहाची वेळ मिळाली होती. मुली कुरकुरत येतात म्हणाले, पण एकही गळली नाही. यावेळी ते खुर्चीत बसले, चहाही घेतला.

"मॅडम, मुलुंडवर तक्रार करायची होती."

"कशाबद्दल?"

ते विचारात पडले. कप रिकामा झाला.

"तोच प्रॉब्लेम आहे. काय सापडत नाय. दुबईला खेळले असते तर मी तुम्हांला वर्षभर झोपू दिलं नसतं."

"मग आता काय करताय?"

"काय करणार? घाटकोपरनी मारलेला तो गोल... आमचा गोलकीपर उभा होता कुठे, विचारा त्याला!" आणि पुढची वीस मिनिटं ते गोलकीपरवर बोलत राहिले.

मी ऐकून घेतलं. चांगलं वेळापत्रक तेच, ज्यात हरणाऱ्याला ओरडायला स्वतःच्या गोलकीपरशिवाय दुसरं कोणी उरत नाही.