आमच्या कॅमेऱ्याला दोन भोकं होती

आमच्या सुनंदाच्या लग्नाचं शूटिंग मी केलं, आणि त्या लग्नाची सीडी आज आमच्या घरात कुठेही सापडत नाही.

कॅमेरा थोरल्या भावानं, नागनाथअण्णानं, मस्कतहून पाठवला होता. बहिणीच्या लग्नाला त्याला रजा मिळाली नव्हती. फोनवर त्याचं एकच मागणं होतं. "चित्र कसंबी येऊ दे. पन आईचं हळदीचं गाणं नीट आलं पायजे. म्हणून माईक येगळा धाडलाय. तेवढं ऐकवलास तर मी लग्नाला आलो म्हण!" मीही "अण्णा, तू बिनघोर ऱ्हा!" असं म्हणून टाकलं. (यंत्रांशी माझा तोवरचा संबंध म्हणजे रसवंतीसमोर उभं राहून रस पिणं.)

भालकीला आमच्या घरी नवी वस्तू आली की आधी तिची पूजा होते. ट्रॅक्टरची झाली, मिक्सरची झाली, तशी कॅमेऱ्याचीही झाली. आईनं सढळ हातानं ओलं हळदीकुंकू लावलं, ते नेमकं वायर जोडायच्या जागी. तिथं शेजारीशेजारी दोन सारखीच भोकं होती, एक माईकचं आणि एक हेडफोनचं. कुठलं कशाचं, ते सांगणारी बारीक चित्रं कुंकवाखाली गेली! मी खिशातून रुमाल काढला.

"कुंकू पुसायलास? लग्नघरात?" आई ओरडली.

"आई, खालचं चित्र बघायचंय."

"लगीन झाल्यावर बघ!"

माहितीपुस्तक उघडलं, तर ते अरबीत. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि डावीकडच्या भोकात वायर खुपसली. गेली की आत! आत गेली म्हणजे बरोबरच असणार, असं मला वाटलं.

हळदीच्या दिवशी आत्तेभाऊ बसप्पानं माईक वेळूच्या काठीला बांधून बायकांच्या डोक्यावर धरला. मी थोडं शूटिंग करून, टेप मागं घेऊन बघितलं. चित्र झकास. आवाज शून्य!

"कामून येईना गेलाय?" बसप्पा म्हणाला.

माईकचा सेल बदलला. वायर हलवली. बसप्पानं माईकवर फुंकर मारली, मग टिचक्या मारल्या. वडील, म्हणजे अप्पा, बाजेवरूनच म्हणाले, "एक हाणा त्येला! आपला रेडिओ तसाच बोलतोय." हाणली. कॅमेरा बंद पडला, थोड्या वेळानं आपणहून सुरू झाला, पण बोलला नाही.

तेवढ्यात आईनं गाणं धरलं. आमच्याकडं हळदीच्या गाण्यात घरच्या एकेकाचं नाव गुंफतात. आई सुनंदाला हळद लावत होती, पण गात होती ती कॅमेऱ्याच्या काचेत बघून, जणू पलीकडं अण्णाच बसलाय. मला भडभडून आलं. आवाज येत नाही हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. मी मुकाट शूटिंग चालू ठेवलं, हळदीतही आणि दुसऱ्या दिवशी लग्नातही.

मुकाट म्हणजे तसं अगदी मुकाट नाही. आवाज येतच नाही म्हटल्यावर बसप्पा आणि मी मोकळेपणानं बोलत होतो.

लग्नानंतर बाजारातल्या स्टुडिओत दोन सीड्या करून घेतल्या. मुकी तर मुकी! एक मस्कतला जाणाऱ्या माणसाबरोबर अण्णाला पाठवली, एक उदगीरला सुनंदाच्या सासरी. सीड्या देताना स्टुडिओवाला माझ्याकडं बघून सारखा हसत होता. मला तो स्वभावानंच हसतमुख वाटला.

मग अण्णाचा फोन आला.

"अण्णा, चुकी झाली. आवाज आलाच न्हाई बघ," मी रडवेला होऊन म्हणालो.

"आलाय की," अण्णा म्हणाला. "तुझा."

झालं होतं असं, की माईक मी हेडफोनच्या भोकात घातला होता. तिथं काही खुपसलं की कॅमेऱ्याचा स्पीकर गप्प होतो, म्हणून आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. कॅमेऱ्याच्या पोटातला छोटा माईक मात्र इमानदारीनं सगळं टिपत होता. आणि त्याच्या सर्वांत जवळ माझं तोंड होतं!

"'व्याही जेवायलेत का खळं उचलायलेत', आसं कोन म्हणलंय?" अण्णानं विचारलं.

"बसप्पा."

"आवाज तुझा हाय. ही सीडी उदगीरला धाडू नको."

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"धाडलास?"

"व्हय."

मग अण्णा हळूच म्हणाला, "आरं, एवढंच सांग. आईनं माझं नाव घेतलं का? 'समिंदर वलांडून माझा' हितवर ऐकू येतंय. त्याच्या म्होरं तू म्हणायलास, 'बसप्पा, भजी संपायच्या आत चार बाजूला काढून ठेव!'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन आईच्या हातात दिला आणि जे घडलं ते सांगून टाकलं. आईनं पदर सावरला, घसा खाकरला आणि मस्कतच्या लेकासाठी अख्खं गाणं पहिल्यापासून म्हटलं, नावासकट. अण्णा म्हणतो, तसं गाणं तिनं जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

मला ठाऊक नाही. गायच्या आधी तिनं मला अंगणात काढून दाराला आतून कडी लावली होती.