रेकॉर्ड प्लेअरखालचा छर्रा

मंडळी, आत्ताच दवाखान्यातून घरी आलोय.

रेकॉर्ड प्लेअरला हादरे बसू नयेत म्हणून सकाळी त्याला पाय बनवत होतो. बाटलीच्या झाकणात बेअरिंगचा छर्रा, म्हणजे पोलादी गोळी, आणि खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून त्याला खोबरेल. मध्येच मित्राची हाक आली आणि काम तसंच टाकून मी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो.

परत येतो तर ताईची रांगणारी चिमी एक झाकण चाटत होती. छर्रा गायब! तोंडाला खोबरेलाचा वास.

"मेल्या, पोरीने गिळलान की काय?" ताई किंचाळली.

तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला, चिमीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही नाही."

परतल्यावर रिक्षावाल्याला पैसे द्यायला खिशात हात घातला, तर छर्रा हाताला लागला. भाट्याला जाताना मीच खिशात टाकला होता.

घरात रांगतं पोर असताना तुम्ही काम अर्धवट टाकून उठता का हो?