वीस माणसांची बैठक

चौकट आहे पण दार नाही, जमिनीवर वाळूचा ढीग, कोपऱ्यात रंगाचे रिकामे डबे. अशा अर्धवट फ्लॅटच्या बाहेर मॅडम चपला काढायच्या, चौकटीशी थांबायच्या आणि आत डोकावून विचारायच्या, "येऊ का?"

आत कुणीही नसायचं. मी त्यांच्या मागे जिन्यात धापा टाकत उभा, कारण लिफ्ट कायम पुढच्या महिन्यात सुरू होणार असायची. पहिल्या वेळी मला वाटलं, बाईंना आत कोणीतरी दिसतंय. मी तसा भित्रा नाही, पण दोन पायऱ्या खाली उतरलो हे खरं. पुढे सवय झाली. त्यांनी "येऊ का?" म्हटलं की मागून मीच सांगायचो, "या, या. विटा घरीच आहेत."

मग त्या हसायच्या, अनवाणी वाळूत शिरायच्या आणि मधोमध फतकल मारून बसायच्या. टेप नाही, कागद नाही, नुसतं बसायचं. ऊन कुठून येतं, वारा कुठं अडतो, शेजारचा कुकर किती ऐकू येतो, हे सगळं बसून कळतं म्हणे. एकदा तर इतका वेळ बसल्या की समोरच्या इमारतीचा एक मजला चढला. थोडं वाढवून सांगतोय. पण मोशीतल्या इमारती कशा उगवतात हे तुम्ही पाहिलं असेल तर फार वाढवलंय असं म्हणणार नाही.

मी काळेवाडीतला फर्निचरवाला. वडिलांनी जन्म कंपनीत लेथवर काढला, मी लाकडाकडे वळलो. आमच्या गल्लीत इतका भुसा उडतो की तिथली कबुतरंही खोकतात. मॅडम इंटिरिअर डिझायनर. त्या कागदावर घर काढायच्या आणि मी ते उभं करायचो.

मूळच्या त्या तळेगाव दाभाड्याच्या. लग्न होऊन नवऱ्याच्या कंपनीबरोबर जपानला गेल्या, तिथून जर्मनीला, तिथून मस्कतला. शिक्षण जर्मनीत घेतलं, धंदा मस्कतमध्ये केला, आणि मस्कतलाच नवरा गेला. मुलगी हॉलंडमध्ये नोकरीला लागली. पन्नाशी ओलांडल्यावर या एकट्या परत आल्या आणि मोशीत फ्लॅट घेतला.

आपली माणसं परदेशातून चॉकलेटं आणतात. मॅडमनी प्रत्येक देशातून एकेक खोड आणली होती. घरात शिरताना विचारायची खोड जपानची. तिथं दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना तुम्हाला त्रास देतोय असं म्हणायची रीत आहे म्हणे. जर्मनीची खोड होती स्क्रूची, आणि तिच्यामागे एक गोष्ट होती.

जर्मनीत यांनी घर भाड्यानं घेतलं. किल्ली घेऊन आत गेल्या, तर स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप आणि बाकी काहीच नाही. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. आधीचा भाडेकरू जाताना अख्खं स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला. तिथं तसंच असतं, स्वयंपाकघर ज्याचं त्यानं न्यायचं. ही गोष्ट मी काळेवाडीत चहाच्या टपरीवर सांगितली, तर आमचा पॉलिशवाला गंभीर होऊन म्हणाला, "भाऊ, पोलिसात दिलं का मग?"

तेव्हापासून मॅडमचा नियम एकच. खिळा नको, गोंद नको, भिंतीत गाडणं नको. सगळं स्क्रूवर, उद्या खोलून नेता आलं पाहिजे. आता आमच्याकडे फर्निचर म्हणजे भिंतीशी लग्न. भूकंप आला तर इमारत पडावी पण कपाट उभं राहावं, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. मी वाद घालायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "माणूस कुठून उठून कुठं जाईल सांगता येत नाही, भाऊ. त्याच्याबरोबर त्याचं कपाट तरी जावं."

चाकणच्या कंपन्यांमध्ये परदेशी साहेब येतात, दोन-तीन वर्षं राहतात, जातात. त्यांचे फ्लॅट लावायचं काम मॅडमकडे यायचं. साहेबाला काय आवडतं, कुठला रंग, कसले पडदे, यातलं काही त्या विचारायच्या नाहीत. एकच प्रश्न. "दमून आल्यावर कुठं बसता?" त्यांचं म्हणणं असं की ताजातवाना माणूस पाहुण्यासारखा बसतो. दमलेला मात्र कुठल्याही देशात असो, आपल्या गावच्यासारखा बसतो.

एका जपानी साहेबाला कंपनीनं सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल दिलं होतं. तो पलंग आणि भिंतीच्या फटीत, घडी घातलेल्या दुलईवर बसून जेवायचा. आम्ही टेबल हलवलं आणि तिथं वीतभर उंचीचा लाकडी चौथरा केला. साहेब आला, चौथरा पाहिला आणि इतका खाली वाकला की मला वाटलं याचं काहीतरी पडलं. म्हणून मीही वाकून शोधायला लागलो. मला वाकलेला पाहून तो अजून वाकला. ड्रायव्हर वर आला नसता तर आम्ही दोघं आजही तिथंच असतो.

नुसते परदेशीच नव्हेत. मोशीतलेच एक म्हातारे शेतकरी होते. त्यांच्याच रानावर टॉवर उभा राहिला आणि मोबदल्यात त्यांना आठव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. मुलानं सोफा घेतला, म्हातारा खाली पार्किंगच्या पायरीवर जाऊन बसायचा. मॅडमनी त्यांना विचारलं, रानातला बांध किती उंच होता? त्यांनी नडगीवर हात ठेवून दाखवलं. तेवढ्याच उंचीचा कट्टा आम्ही गॅलरीत केला, इंद्रायणीकडे तोंड करून. म्हातारा त्यावर उकिडवा बसला, बराच वेळ नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय. आता घरी आल्यावानी वाटतंया."

परतताना गाडीत मी मॅडमना विचारलं, "आणि तुम्ही कुठं बसता दमून आल्यावर?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाल्या, कुठं बसायचं ते अजून ठरवते आहे.

त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटचं काम निघालं तेव्हा हे ठरलेलं होतं. हॉलच्या तीन भिंतींना लागून बसकी, रुंद बैठक. ही मस्कतची खोड. तिथं घरात शिरल्याबरोबर पाहुण्यांची खोली, सगळे भिंतीला पाठ लावून बसतात, कुणाची कुणाकडे पाठ होत नाही. मी माप काढलं. आरामात वीस माणसं बसतील. राहणाऱ्या एक. मी म्हटलं, मॅडम, लग्नाचं कार्यालय काढताय का?

"येतील माणसं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे येतात. मला आठवतंय ना."

आठवत होतं ते तळेगाव. संध्याकाळी दार उघडं, कोणीही सहज आत येतंय, टेकतंय, चहा पितंय, कशासाठी आलो होतो ते विसरून जेवूनच जातंय. राव, त्यांनी इतके देश बदलले, पण आपलाही देश त्यांच्या मागे बदलत असेल हे त्यांच्या हिशोबात नव्हतं.

घर झालं. खोटं सांगत नाही, असं घर पुन्हा माझ्या हातून झालं नाही. मॅडमनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, संध्याकाळी कधीही या, दार उघडं असेल. उत्तरादाखल अंगठे आले, जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. माणूस आलं नाही.

मग माणसं यायला लागली, आणि ते जास्त वाईट झालं.

झालं असं की बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट त्याच मजल्यावर, बरोबर समोर. मॅडमचं दार उघडं आणि घर समोरच्यापेक्षा दहापट देखणं. फ्लॅट बघायला आलेली कुटुंबं सरळ यांच्याकडे शिरायची, बूट-चपलांसकट. एका रविवारी मी बिजागरी बसवायला गेलो होतो. एक गृहस्थ भिंत ठोकून बघत होते, बायको कपाटं उघडून आत वास घेत होती, आणि सासूबाई आत जाऊन फ्लशचा दाब तपासत होत्या. मॅडम चहाचा ट्रे घेऊन उभ्या.

"बसा ना," त्या म्हणाल्या.

"नको, नको, अजून दोन साइट बघायच्यात," म्हणत गृहस्थांनी बैठकीचे फोटो काढले. त्यांच्या बायकोनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "या मॅडम रोज इथं ड्युटीला असतात का?"

मी काय सांगणार? म्हटलं, असतात की. तिन्ही शिफ्टला त्याच असतात.

ती माणसं गेल्यावर मॅडमनी तो चहा परत पातेल्यात ओतला. मी म्हणालो, दार लावून घेत जा. बाहेर पाटी लावतो, हे राहतं घर आहे म्हणून.

"दार लावलं तर यायचं कुणी?"

आता तुम्ही म्हणाल, तू बसायचास की. बसायचो. पण मी कामाचा माणूस, माझा एक डोळा बिजागरीवर. असं बसणं त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. कोणीतरी बिनकामाचं यावं आणि उठायचं विसरावं, एवढंच त्यांना हवं होतं. तेवढं सोडून सगळं त्या घरात होतं.

मग आमच्या आईचं प्रकरण घडलं. आमची आई म्हणजे काळेवाडीच्या विहारातल्या सगळ्या बायकांची न नेमलेली साहेब. पौर्णिमेला खीर कुणी ढवळायची इथपासून कुणाच्या सुनेनं कुणाशी बोलू नये इथपर्यंत सगळं तिच्या अखत्यारीत. तिला डोळे तपासायला मोशीला आणलं होतं. डोळ्यांत औषध घातलेलं, तिला नीट दिसत नव्हतं, आणि नेमका चाकणहून फोन आला, एका साहेबाच्या कपाटाचं दार निखळून त्याच्या पायावर पडलंय. आईला मॅडमकडे सोडलं. म्हटलं, तासाभरात येतो.

पुढचं आईकडून आणि थोडं मॅडमकडून कळलं. तिला त्या घराचा देखणेपणा दिसलाच नाही, सगळं धूसर. तिनं हात लावून बैठक चाचपली आणि पहिलं वाक्य बोलली, "पोरी, एवढी मोठी बैठक केलीस, टेकायला एक लोड नाही होय गं?" दुसरं वाक्य चहाबद्दल. तो गुळमट पाणी आहे म्हणून दुसरा करून घेतला. मग मॅडमच्या नवऱ्याचं काय झालं, कसं झालं, शेवटी कोण जवळ होतं, हे सगळं विचारून घेतलं. माझी हे विचारायची इतक्या वर्षांत हिंमत झाली नव्हती. मॅडम सांगत होत्या, आई "हं, हं" करत होती, आणि ते "हं" हळूहळू घोरण्यात गेलं.

मी परतलो ते तासाचे तीन तास करून. जिन्यातच ओशाळलो होतो. बघतो तर मॅडमचं दार लोटलेलं. त्या दारावर हात ठेवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. टकटक केली. माझ्या मागे एक जोडपं येऊन उभं राहिलं, हातात बिल्डरची रंगीत माहितीपत्रकं.

दार चार बोटं उघडलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या कुजबुजल्या. "घरात माणूस झोपलंय."

मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. तितक्याच हळू आवाजात, पण शब्द न् शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "सॅम्पल फ्लॅट समोर आहे. हे घर आहे."

आत आई आडवी झाली होती, वीस माणसांच्या बैठकीवर एकटी, मॅडमची शाल अंगावर घेऊन. तिचं घोरणं तुम्ही ऐकलेलं नाही. आमच्या चाळीत लोक त्यावर घड्याळं लावायचे. मॅडम समोर जमिनीवर भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. एवढी बैठक मोकळी असताना खाली. मी तिला उठवायला गेलो तर त्यांनी माझी बाही धरली. राहू दे, म्हणाल्या, घाई आहे का काही?

त्यानंतर आई बिनकामाची जायला लागली. बस बदलून, गुडघे धरून, दोन लोड स्वतः शिवून घेऊन गेली. हळूहळू विहारातल्या दोघी-तिघीही यायला लागल्या. बैठक कधी वीस माणसांनी भरली का? मला विचाराल तर मी दोनशे सांगेन. खरं म्हणजे चारच्या वर गेली नाही. पण त्या चौघींचा आवाज खाली वॉचमनला ऐकू यायचा.

हे पुरतं वर्षभर चाललं नसेल. हॉलंडच्या मुलीला दिवस गेले, मॅडम बाळंतपणाला म्हणून गेल्या. बाळ अशक्त निघालं, मुलीला मदत हवी, मुक्काम वाढत गेला. शेवटी त्यांनी तिथंच मुलीच्या घराजवळ एक छोटी जागा घेतली. इथला फ्लॅट चाकणच्या एका कोरियन साहेबाला दिला. भला माणूस आहे. पण त्याचं दार बंद असतं, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं नाही.

मध्ये एका दुपारी आई वर्कशॉपमध्ये आलेली असताना मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या फोनवर, पण आईनं तो हातातून ओढून घेतला. मॅडम केस कापल्यामुळे वेगळ्या दिसत होत्या. आईनं बाळाची चौकशी केली, नातीला तेल लावता का नुसतं तिकडचं क्रीम, हे विचारलं. मग मुद्द्यावर आली.

"तिकडं बसायला येतं का गं कुणी?"

मॅडमनी फोन फिरवून खोली दाखवली. एक खुर्ची, एक दिवा आणि रस्त्यावर उघडणारी भलीमोठी काच. पडदा नव्हता. बाहेरून सायकली जात होत्या.

"इथं पडदे लावत नाहीत, आई. रस्त्यावरून सगळं घर दिसतं."

"मग येत असतील की लोक."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "बघतात आणि पुढे जातात."

आई गप्प बसली. आईचं गप्प बसणं ही बातमी असते, वर्कशॉपमधले रंधेसुद्धा थांबले. मग ती फोन तोंडाशी धरून, सात समुद्रांपलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाली, "अगं मग हात कर की त्यांना."

मॅडम हसल्या. हसता हसता त्यांनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि उठून काचेशी गेल्या. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. बाहेरून कोणीतरी चालत येत असावं, कारण त्या जरा सावरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. कोण होतं, थांबलं की नाही, ते आमच्या फोनच्या चौकटीत येत नव्हतं. हात मात्र बराच वेळ वर होता.