आग्नेयेकडची खिडकी

घरात आठवडाभर रंगकाम चाललं आहे. ओल्या लांबीचा वास, ऑइलपेंटचा वास आणि त्यात धुळ्याचा वैशाख. डोकं नुसतं भणभणून जातं. काल आबांच्या खोलीची पाळी होती. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती खोली अजून आबांचीच, आणि तिच्यात शिरताना माझा हात अजून पदराकडे जातो, अंगावर पंजाबी ड्रेस असला तरी. रंगाऱ्याला पाणी द्यायला गेले, तर तो खिडकीची चौकट खरवडत होता. म्हणाला, "ताई, ही पट्टी काढू का राहू देऊ?" जुन्या रंगाच्या थराखाली पत्र्याची एक वाकवलेली पट्टी होती, दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेली, आणि तिला बांधलेला पांढऱ्या वायरचा बोटभर तुकडा. मी ती लगेच ओळखली. ओळखणार नाही तर काय! तिची जुळी बहीण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे आणि इतकी वर्षं मी तिच्यावर हात पुसायचं फडकं वाळत घालते आहे. पण ही इथे कशी? हिचं इथे काय काम होतं?

तिकडच्या पट्टीवर एकेकाळी रेडिओचा कान असायचा. कान हा शब्द आमच्या अक्कांचा, म्हणजे सासूबाईंचा. उपग्रहावरून येणारा रेडिओ होता तो. मध्ये काही वर्षं त्याची बरीच हवा होती, तुमच्यापैकी कुणाकडे असेलही. एका हाताने उचलून कुठेही नेता येईल असा छोटा संच, आणि त्याला वायरने जोडलेली चपटी अँटेना, मिसळणाच्या डब्याच्या झाकणाएवढी. तिचं तोंड आग्नेयेच्या मोकळ्या आभाळाकडे करायचं. नेम लागला की पडद्यावर रेघा चढायच्या आणि मग जे ऐकू यायचं त्याला ना खरखर, ना मध्ये जाहिरातींचा कालवा. एक केंद्र तर दिवसभर शास्त्रीय संगीताचं. सकाळी सकाळचे राग, दुपारी दुपारचे. आता म्हणे मोबाइलमध्ये जगातलं सगळं गाणं आहे. असेल बापडं. पण मोबाइलमध्ये आपण मागू तेच मिळतं. त्या रेडिओवर न मागितलेलंही पदरात पडायचं, आणि ते कुणी पाठवलं हे विचारायचं आपल्याला सुचतही नसे.

मी जळगावची. माझा गाण्याचा क्लास डाळ मिलच्या भिंतीला लागून होता. मिलची मोटर दिवसभर एकाच सुरात घुमायची आणि आमचे गुरुजी म्हणायचे, वीज आहे तोवर तंबोरा फुकट. मी त्या मोटरीवर षड्ज लावायला शिकले. हसू नका, फार पक्का लागायचा. लग्न होऊन धुळ्याला आले ती शेतकरी घरात. शिरपूरकडे कपाशीची शेती, राहायला कॉलनीतलं हे घर. माणसं जिवाला जीव देणारी, पण रीत ती रीत. सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, सासरा सुनेला थेट काही सांगत नाही. आबांना चहा हवा असला की ते पुढच्या खोलीतून हवेलाच विचारायचे, "कोनी चहा टाकी राह्यनं का?" मी कपबशी वाजवायची, झालं उत्तर. घरात फिरताना ते आधी खाकरायचे, सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. ते खाकरणं म्हणजे आमच्या घरातली दारावरची बेलच होती.

गाण्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. नको म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते, मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाशी भांडणार कसं? मग उरलं काय, तर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना गुणगुणणं. थापण्याला एक लय असते, तिच्यावर आलाप आपसूक चढतो. आणि ऐन रंगात आला की बाहेरून खाकरणं ऐकू यायचं. तोंड मिट, पदर पुढे. पुढची भाकरी मुकाट्याने.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मी माहेरी गेले होते. जळगावहून परत येते तो काय, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत हा कान ठोकलेला आणि दाराजवळच्या फळीवर रेडिओ! आबांनी आणला होता. सगळं घर चाट पडलं. कपाशीचा भाव आणि हवामान, आबांचा रेडिओशी संबंध एवढाच. "म्हातारपनी चळ लागना," अक्का म्हणाल्या. "आनि मी म्हनस, रेडिओ सैपाकघरमा नांदाले उना का?" आबांनी भिंतीकडे बघत सांगून टाकलं, "दुसरीकडे कोठेच धरत नही." आता आभाळातलं ते गणित, आम्ही बायका त्यात काय बोलणार? धरत नाही तर नाही. आबांनी आपली लाकडी खुर्ची आणली, उंबऱ्याबाहेर, स्वयंपाकघराकडे पाठ करून मांडली आणि बसले ऐकत.

खरं सांगू, मला भयंकर राग आला होता. अख्ख्या घरात एवढी एकच जागा माझी होती, तिच्या दारात आता सासरेबुवांचं ठाणं. सकाळपासून डोक्यावर पदर, समोर गॅस, बाहेर धुळ्याचं ऊन. गुणगुणणं तर पारच बंद. "रेडिओ तुमच्या आबांचा आणि घाम माझा," मी नवऱ्याला ऐकवायचे. त्यात विलंबित ख्याल सुरू झाला की पाचव्या मिनिटाला आबा घोरायला लागायचे. हा कसला शौक, बाई! पण कानांना पदर घेता येत नाही. हळूहळू मी ऐकायला लागले. भाजी चिरता चिरता समेची वाट बघायला लागले. एकदा तर मिलच्या भिंतीशी बसून घोकलेली तोडी अचानक लागली. माझा हात तव्यावरच थांबला, डोळ्यांना धार लागली आणि भाकरीचा कोळसा झाला. बाहेरून आवाज आला, "भाकर करपनी वाटस." मी दचकले, आता बोलणी बसणार. आबांनी मागे न बघता हात लांब केला आणि रेडिओचा आवाज वाढवला. मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला गाण्यापुढे भाकरीचीही पर्वा नाही.

अशी काही वर्षं गेली आणि एका सकाळी रेडिओ बोलेना. ती सेवाच बंद झाली, असं मागाहून कळलं. त्या सकाळी मात्र आबा खाकरले आणि चक्क स्वयंपाकघरात आले, मी आत असताना, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. मी पदर ओढून ओट्याशी भिंतीला टेकले. त्यांनी अँटेना इकडे फिरवली, तिकडे फिरवली, उपरण्याने पुसली. रेघा काही चढल्या नाहीत. शेवटी त्यांनी वायर गुंडाळली आणि खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, हवेला नाही, भिंतीला नाही, मला, "आते तूच गाना म्हन, बेटा."

मी काय केलं असेल? चहाचं आधण ठेवलं. सासरा आपल्याशी बोलला याचाच एवढा धक्का बसला, की तो काय बोलला हे कानाआड गेलं. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग रेडिओ काखेत मारून निघून गेले. मला वाटलं, रेडिओ गेला म्हणून म्हातारा हळवा झालाय. पुढे दोन-तीन वर्षांत ते गेले. त्या सकाळनंतर आमच्यात पुन्हा एक शब्द झाला नव्हता. रीतच होती ना.

काल संध्याकाळी नवरा घरी आला, तेव्हा मी त्याला आबांच्या खोलीतली पट्टी दाखवली. "अरे, ही राहूनच गेली," तो म्हणाला. "पहिल्यांदा इथंच लावला होता रेडिओ. तू आखाजीला गेली होतीस, अक्काही शिरपूरला होत्या तेव्हा. झकास धरत होता, सगळ्या रेघा." मी विचारलं, मग हलवला कशाला? "तू यायच्या आदल्या दिवशी आबा म्हणाले, काढ, सैपाकघरात ठोक. मी म्हटलं, इथं काय वाईट आहे? तर म्हणाले, मी काय करू आठे ठेवीसन? माले गानामा काय समजस?" आणि वर शर्टाची बटणं काढत मला विचारतो, "का, तुला माहीत नव्हतं?" समोरचा रंगाचा डबा त्याच्या डोक्यावर पालथा करावासा वाटला.

दोन्ही खिडक्या एकाच भिंतीत आहेत हो. एकच आभाळ दिसतं दोन्हींतून. रोज फडकं वाळत घालताना मी ते बघत होते आणि एकदाही मनात आलं नाही. सुनेसाठी रेडिओ आणला म्हटलं असतं तर भाऊबंदांत दहा तोंडं बोलली असती. म्हाताऱ्याचा नाद म्हटलं की कुणी काही बोलत नाही. म्हणून तो माणूस न कळणारं गाणं ऐकत, डुलक्या काढत, पाठ फिरवून वर्षानुवर्षं त्या खुर्चीत बसला. म्हणजे ज्या खाकरण्याने मी गप्प व्हायचे, त्याच्या आधीचं माझं सगळं गुणगुणणं त्याने ऐकलेलं होतं. फार वाईट वाटतंय मला. काल रात्री जेवण गेलं नाही.

रंगाऱ्याला सांगितलं, दोन्ही पट्ट्या राहू दे, वरून रंग मार. आज सकाळी भाकरी थापायला घेतली. डोक्यावर पदर नव्हता, घरात कुणी नव्हतं. तोडीच लावली, थापेच्या लयीत, आधी दबकत, मग जरा मोकळ्या आवाजात. षड्ज बरा लागला. आणि मध्येच सवयीने थांबले, पिठाचे हात तसेच धरून, दाराकडे कान लावून.

कुणी खाकरलं नाही.