भुईगावची भरती आणि माझा उजवा डोळा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टीचरांचा फोन आला. "अगं, चिखल्या पक्षी रंगलेत. पंधरा दिवसांत निघून जातील. उद्या येतेस का?"

टीचर म्हणजे माझ्या मुलीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. मुलगी शाळा संपवून केव्हाच पुण्याला गेली, पण मी मात्र त्यांची विद्यार्थिनी होऊन राहिले. थंडीत वसईच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून हजारो पक्षी येतात, हे त्यांनीच मला पहिल्यांदा दाखवलं. तोपर्यंत वसईजवळ आचोळ्यात पंधरा वर्षं राहूनही समुद्र म्हणजे रविवारची भेळ, एवढंच मला ठाऊक होतं. टीचर साठी उलटलेल्या, भुईगावजवळच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. मी पन्नाशीची, कराडकडून लग्न होऊन इकडे आलेली. त्या मला अगंतुगं करतात, मी त्यांना अजून टीचरच म्हणते.

"बघते," मी म्हणाले. खरं तर मला जायचं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसले असताना उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून काळं काहीतरी खाली उतरायला लागलं. आधी वाटलं, केस आलाय. हाताने सारला तर हलेना. दुपारपर्यंत त्या डोळ्याला निम्मंच दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, उद्याच ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आणि त्याने पडद्याला आतून दाबून धरावं म्हणून दहा दिवस मान खाली घालून राहायला सांगितलं. जेवायचं खाली बघत, झोपायचं पालथं. त्या दहा दिवसांत मी आमच्या घरातली एकेक फरशी पाठ केली. नवरा बोलायला आला की मला फक्त त्याची पावलं दिसायची. मग तो बिचारा जमिनीवर उताणा पडायचा आणि खालून माझ्या तोंडाकडे बघत ऑफिसातल्या गमती सांगायचा.

मार्चच्या सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं, "पडदा जागेवर बसलाय. आता वापरा डोळा. नजर किती परत येते ते हळूहळू कळेल."

ते "हळूहळू कळेल" माझ्या मनात रुतून बसलं. घरी डावा डोळा झाकून पेपर धरला, तर ओळी पाण्यात पडल्यासारख्या हलत होत्या. त्यानंतर मी तपासून बघणंच सोडलं. डाव्या डोळ्यावर सगळं भागत होतं. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "बरं आहे आता." न तपासता ते अर्धंमुर्धं खरं तरी राहत होतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानेच मला रिक्षात बसवलं. साडेआठला भुईगावला पोचले तेव्हा टीचर चर्चमधली मिस्सा आटपून आल्या होत्या. खांद्यावर तिपाई, पाठीवर मोठी दुर्बीण, पिशवीत ईस्टरची उरलेली चार तांदळाची सांदणं. ओहोटीचं पाणी लांब गेलं होतं आणि मैलभर ओला चिखल चमकत होता. साडेबाराची मोठी भरती होती. पाणी चढेल तसे चिखलावर विखुरलेले पक्षी मागे सरकत आपल्या पुढ्यात येतात. त्यामुळे इथे पक्ष्यांच्या मागे धावायचं नसतं. एका जागी बसून वाट बघायची.

तासभर त्या दाखवत होत्या, मी बघत होते. "कोरल दिसला? बाकदार चोच."

"हो."

"शेजारी तुतवार आहेत, चार."

"हो, हो."

मला दिसत होतंच. फक्त मी डाव्या डोळ्याने बघत होते. तिपाईवरच्या दुर्बिणीला एकच डोळा लावावा लागतो आणि इतकी वर्षं मी नेहमी उजवा लावत आले होते. आता डावा लावायचा तर नाक आडवं यायचं, मान वाकडी व्हायची. टीचर पाठमोऱ्या असल्या की मी पटकन वाकून बघून घ्यायचे.

दहाच्या सुमारास त्यांनी वही मिटली. "तू मघापासून डाव्या डोळ्याने का बघतेस?"

"असंच. सवय मोडली."

"मी पस्तीस वर्षं वर्गात काढली आहेत," त्या म्हणाल्या. "उत्तर न येणारी पोरं मला मागून ओळखू येतात."

मग मला खोटं बोलवेना. मी वाळूत बसले आणि सगळं सांगितलं. हलणाऱ्या ओळी, सोडलेली तपासणी, नवऱ्याला दिलेली उत्तरं. "टीचर, न बघितलं तर निदान आशा तरी राहते. बघितलं आणि नाहीच दिसलं तर?"

त्या माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्यासाठी नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना केला होता मी. तुला सांगणार नव्हते. त्याचं काय झालं ते मला तरी कळू दे."

मला हसूही आलं आणि रडूही. डोळे पुसले. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि दुर्बिणीला उजवा डोळा लावला.

काहीच नव्हतं. राखाडी धुकं आणि त्यात हलणारे ठिपके. "नाही टीचर. सगळं पुसट आहे."

"चाक फिरवलंस का?"

"कुठलं?"

"अगं, ती दुर्बीण तुझ्या डाव्या डोळ्यासाठी लावलेली आहे! ऑपरेशननंतर उजव्याचा नंबर बदलला नसेल? फोकसचं चाक फिरव, वेडे."

मी फिरवलं. धुकं आणखी दाट झालं. उलटं फिरवलं. ठिपक्यांना आधी कडा आल्या, मग पाय फुटले, मग चोची. आणखी थोडं फिरवलं आणि समोर चिखल्या उभा राहिला. थंडीत मातीच्या रंगाचा, ओळखूही न येणारा हा चिमणीपेक्षा जरासा मोठा पक्षी. आता त्याची छाती विटेसारखी तांबूस झाली होती, डोळ्यावरून काळी पट्टी. पाण्याची रेघ मधेच किंचित वाकडी दिसत होती, ते खरं. पण तो तांबूस रंग दिसत होता. तो दोन पावलं पळाला, थांबला, चिखलातून काहीतरी ओढून काढलं, तेही दिसलं.

डोळा काढायची भीती वाटत होती. पाणी चढत होतं आणि थवा आमच्याकडे सरकत होता. मी एकेक पक्षी मोजल्यासारखा बघत गेले.

"टीचर, याच्या पायात काहीतरी आहे."

"काय?"

"डाव्या पायात, वरच्या बाजूला. पिवळी पट्टी."

त्यांनी मला जवळजवळ ढकललंच. बराच वेळ शोधलं. "अगं हो! कुणीतरी अभ्यासासाठी अडकवलेली खूण आहे ही. पाऊण तास मी या थव्यावर नजर ठेवून आहे, मला नाही दिसली!" त्यावरची अक्षरं आम्हा दोघींनाही लागली नाहीत, पण त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढे माझं नाव लिहिलं.

मी नवऱ्याला फोन लावला. "उजव्या डोळ्याने दिसतंय," म्हणाले. मग तो म्हणाला, "म्हणजे इतके दिवस दिसत नव्हतं?" त्याला सगळं घरी जाऊन सांगायचं कबूल केलं. तो रागावला होता आणि मला तो राग ऐकायलाही बरं वाटत होतं. महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. मला कडकडून भूक लागली. चारही सांदणं मीच खाल्ली.

तेवढ्यात चिखलातून एक मच्छीमार बाई वर आली. टोपलीत तिसऱ्यांचे शिंपले, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली. आमच्याकडे बघत थांबली. "काय बघता गो? बोट बुडली का कुनाची?"

"पक्षी बघतोय मावशी," टीचर म्हणाल्या.

"हे होय! हे तर रोजचेच."

"एकदा बघा तरी," मी म्हणाले.

टोपली खाली ठेवून ती वाकली. हसतच तिने दुर्बिणीला डोळा लावला. "अगो बाय! हे तांबडे कधी झाले? मी आपले मातीचेच समजत व्हते."

"आता लांब जायचंय त्यांना," टीचर म्हणाल्या. "हिमालयाच्या पलीकडे. तिकडे घरटी करतील."

"येवढंसं पाखरू?" तिने डोळा न काढताच विचारलं. मग मागून टोपली घेऊन येणाऱ्या दुसरीला हात करून मोठ्याने हाक मारली, "ये गो, धाव, जातील ते!"