न झालेलं भाषण

झेंडूच्या हारांचा वास आला की पालमचा तो सभेचा मांडव आठवतो. कार्यक्रमाआधीच पाठवलेल्या बातमीला आम्ही वार्ताहर 'ॲडव्हान्स' म्हणायचो. पान छपाईला लवकर सुटायचं, म्हणून मी त्या सभेतलं पुढाऱ्याचं भाषण दुपारीच टाळ्यांसकट ठोकून दिलं. संध्याकाळी हार सुकले, पुढारी आलाच नाही. घाबरून ऑफिसला फोन केला, तर 'पान गेलं' एवढंच उत्तर मिळालं. सकाळी पुढाऱ्याचाच फोन. आता नोकरी गेली, असं वाटून मी उभाच राहिलो. "पत्रकार साहेब, लय भारी बोललो की मी! उद्या वालूरला जायलोय. तिथलं बी आजच लिहून द्या, पाठ करायला टाईम लागतो." आता मी निवृत्त झालोय, पण त्याच्या भाषणाचा ॲडव्हान्स अजून माझ्याकडूनच त्याला जातो, टाळ्या कुठं पडायच्या, तेही मलाच लिहावं लागतं.